पिनकोडनुसार आडनाव

माझं आडनाव मी इथे सांगणार नाही. लाज वाटते म्हणून मुळीच नाही. आडनाव कळलं की वाचणारा पुढचं वाचायच्या आधीच मनातल्या मनात एक फाटा निवडतो, आणि माणूस एकदा त्या फाट्याला लागला की त्याला परत बोलावणं कठीण. हे अनुभवाने सांगते, कारण फाटे काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पुण्यात लोक हौस म्हणून फाटे फोडतात. मला त्याचा पगार मिळतो.

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत माझं ऑफिस आहे. राहते वारज्याला, म्हणजे रोज सगळं शहर ओलांडायचं आणि पोचल्यावर वर उत्साही दिसायचं. आमची कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांना एक ॲप विकते. गेटवर कोण आलं, लिफ्ट कधी बंद पडली, कोणाच्या बाथरूमचं पाणी कोणाच्या छतातून ठिबकतंय, हे सगळं त्यात दिसतं. ही माहिती सोसायटीत प्रत्येकाला आधीपासूनच असते, पण मोबाइलवर दिसली की तिला व्यवस्थापन म्हणतात.

आता सोसायट्यांचे सेक्रेटरी काही आपणहून आमच्याकडे येत नाहीत, त्यांच्या मागे लागावं लागतं. पूर्वी हे काम माणसं करायची आणि शिव्या खायची. आता मेल आपोआप जातात आणि शिव्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. मी फक्त जर आणि तर ठरवते. जर मेल उघडला नाही, तर दोन-तीन दिवसांनी तोच मेल नवा मथळा लावून पाठवा. जर लिंक दाबली, तर फोन करा. जर 'नको' म्हणाले, तर काही महिने सोडा आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत जा. या सगळ्यांत कंपनीचा लाडका फाटा म्हणजे, मेल उघडला पण उत्तर दिलं नाही. आम्हाला शिकवायला आलेले एक गृहस्थ सांगून गेले होते की उघडून गप्प बसणारा माणूस मनातून तयार असतो, फक्त लाजत असतो. म्हणून त्याला आठवणीचा मेल जातो, आणि तरी बोलला नाही तर आणखी एक. रस्त्यात एखाद्या पोराने हेच केलं तर त्याला पोलीस धरतात. आमच्याकडे याला पाठपुरावा म्हणतात.

पुण्याने मात्र या यंत्राला सुरुवातीलाच टेकीला आणलं. यंत्राला हो कळतं आणि नाही कळतं. पुण्यातला सेक्रेटरी यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'बघू.' नाहीतर लिहितो, 'आपला मेल मिळाला.' पुढे पूर्णविराम आणि खाली सही. 'कमिटीपुढे ठेवतो' म्हणजे नको आणि 'कमिटीपुढे ठेवावं लागेल' म्हणजे कदाचित, हे परगावी बनलेल्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मी सांगितलं. 'बघू'साठी स्वतंत्र फाटा काढला. 'प्रिय ग्राहक' काढून 'सप्रेम नमस्कार' घातलं, मेलमधली दुभाष्याची मराठी फेकून माणसाची घातली. उत्तरं यायला लागली. वर्षअखेरीला आमच्या टीमला लीड नेमायचा होता आणि ते काम मला हवं होतं, पगारापेक्षाही टेबलावरच्या नावाच्या पाटीसाठी. मेलखाली तेव्हा माझीच सही जायची, नाव आणि आडनावासकट.

मग आमच्या मॅनेजरला एक शोध लागला. हा माझ्याहून लहान, दिवसभर थंड कॉफी ओढणारा, मनाने वाईट नाही. त्याने काही दिवस मला न सांगता अर्धे मेल माझ्या नावाने आणि अर्धे एका बनावट बाईच्या नावाने पाठवून पाहिले होते. मजकूर शब्दन् शब्द माझाच. कोथरूडमध्ये आणि तशाच आणखी काही भागांत त्या बाईला जास्त उत्तरं आली होती.

"पर्सनली घेऊ नको हं," तो म्हणाला. "इट्स जस्ट डेटा."

"कसला डेटा?"

"म्हणजे काही नेम्स लोकांना जास्त फॅमिलिअर वाटतात. मी तर कास्ट वगैरे मानतच नाही. तुझी तर मला आधी माहीतपण नव्हती."

म्हणजे आता माहीत झाली होती. त्याने मला एक नवा फाटा काढायला सांगितला. जर पिनकोड या यादीतला असेल, तर पाठवणाऱ्याचं नाव बदला. बाईचं आडनाव त्याने आमच्याच ग्राहकांच्या यादीतून उचललं होतं. ऐकल्यावर पाट मांडून पुरणपोळी वाढावीशी वाटेल, असं होतं. बाकी कोणाला हा फाटा नीट काढता येत नव्हता, म्हणून तो मीच काढायचा होता. मला संताप आला आणि रडूही आलं. रडू लिफ्टमध्ये उरकलं, संताप घरी नेला.

घरी आई. आमचं घराणं भंडाऱ्याकडचं. आजोबांनी छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली, बाबा पुण्यात सरकारी कारखान्यात लागले, आणि आई एवढी वर्षं पुण्यात राहूनही भांडते भंडाऱ्याच्याच भाषेत. मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"काहून वं?" ती म्हणाली. "तुह्या आडनावाले काटे आहेत काय?"

मला बाबा आठवले. मी शाळेत असताना आम्ही भाड्याचं घर बघत कोथरूडभर हिंडलो होतो. दलाल पहिला प्रश्न आडनावाचा विचारायचा. बाबा क्षणभर गप्प व्हायचे आणि मग स्पष्ट सांगायचे. जागा त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी गेलेली असायची. एका दलालाने तर कनवाळूपणे सुचवलं होतं, "आडनाव जरा वेगळं सांगितलंत तर काम होईल, साहेब." आम्ही शेवटी वारज्याला आलो, तेव्हा तिथे आजूबाजूला शेतं होती.

"तुह्या बाबानं घर सोडलं, नाव नाही सोडलं," आई म्हणाली, आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

ऑफिसात दर महिन्याला पडद्यावर क्रमवारी दाखवतात. कोणाच्या मेलना किती उत्तरं, कोणामुळे किती भेटी ठरल्या, वगैरे. फाटा मी शेवटी काढून दिला होता, आणि पुढच्या महिन्यात पहिली आली ती बनावट बाई. यंत्राने तिला फोटोच्या जागी एक गुलाबी गोल दिला होता, त्यात तिची आद्याक्षरं. माझं नाव बरंच खाली होतं, कारण माझ्याकडे राहिलेल्या पिनकोडांत सोसायट्याच कमी होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"टेक्निकली ती तूच आहेस," मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला.

"मग वर्षअखेरीला टेक्निकली लीड कोण होणार?"

नेमका तेव्हाच त्याला एक फोन आला.

अशात त्या बाईला कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं उत्तर आलं. 'सप्रेम नमस्कार. आपले आडनाव पाहून आनंद वाटला. आम्हीही तेच. आपण मूळच्या कुठल्या?' यंत्राने या गृहस्थांना तत्काळ 'गरम', म्हणजे घेण्याच्या बेतातल्या, ग्राहकांत टाकलं. पण 'मूळच्या कुठल्या'ला माझ्याकडे फाटा नव्हता, उत्तर हाताने द्यावं लागणार होतं. खरं तर हा प्रश्न हाच पुण्यातला मूळ जर-तर. आडनावावरून गाव, गावावरून घराणं, घराण्यावरून बाकीचं, आणि शेवटी चहाबरोबर बिस्किटं आणायची की नुसता चहा, इथपर्यंत हा प्रवाह बिनचूक चालतो. त्याला सर्व्हरसुद्धा लागत नाही.

मी लिहिलं, 'सध्या वारजे.' त्यांचं उलट टपाली आलं, 'उत्तम. ॲप दाखवायला आपण स्वतःच यावे.' मॅनेजरने आनंदाच्या भरात त्या बाईच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. एवढी मोठी सोसायटी मिळाली तर आजूबाजूच्या चार आपोआप येतात, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी कार्डं पर्सच्या तळाशी ढकलली आणि ठरवलं की तिथे पोचल्यावर पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव सांगायचं. ऑर्डर गेली तर गेली, लीडची पाटीही गेली तर गेली. पण कोथरूडात पुन्हा एकदा आडनावाशी अडखळायचं नाही.

रविवारी सकाळी गेले. सोसायटीचं ऑफिस पंपरूमच्या शेजारी, बाहेरच्या फळ्यावर 'सूचनांवर सूचना करू नयेत' अशी सूचना. आत सेक्रेटरी आणि खजिनदार काकू बसल्या होत्या. सेक्रेटरी निवृत्त सरकारी अभियंता, रविवारीही कडक इस्त्रीच्या शर्टात. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली दिसत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी उठून उभे राहिले.

"या, या. काकू, ह्या बरं का आमच्याच आडनावाच्या!"

झालं, माझं पहिलं वाक्य त्यांनीच खाल्लं. मी लॅपटॉप काढला. सेक्रेटरी प्रोजेक्टरची वायर शोधायला वाकले आणि पुटपुटले, "इथंच तं होती."

काकू हसल्या. "यांची निम्मी नोकरी नागपूरकडे झाली ना, तिकडचं तोंडात बसलंय."

"हो, बदलीची नोकरी," सेक्रेटरी म्हणाले आणि हसले, पण जरा उशिरा हसले. तो 'तं' मी रोज सकाळ-संध्याकाळ घरात ऐकते. बदलीच्या गावी उचललेला शब्द आणि आईच्या तोंडून आलेला शब्द यांतला फरक मला कळतो.

मी ॲप दाखवायला लागले. सेक्रेटरी मन लावून बघत होते. काकू पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. गेटवरच्या नोंदी संपून तक्रारींचा भाग सुरू झाला तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू दे. मला एक सांगा, तुमचं आडनाव एक म्हणजे कुलदैवतही एकच असणार. कुठलं हो?"

मी सेक्रेटरींकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता? ते सांगत नाहीत," काकू म्हणाल्या. "आमचा पुतण्या आणि यांची मुलगी, दोघांनी आपसात ठरवलंय. आम्ही काही जुन्या वळणाचे नाही, लगेच हो म्हटलं. पण सोयरीक व्हायची तर एवढं तरी विचारायला नको का? मी विचारलं की यांना पंप बंद करायची आठवण होते. आता तुम्हीच सांगा."

शेजारचा पंप घुमत होता. आधी मला वाटलं, आपण पकडले जाणार. हे आता खरं कुलदैवत सांगतील, काकू माझ्याकडे वळतील आणि माझी बोबडी वळेल. पण सेक्रेटरी काही बोलेनात. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी सांगावं आणि आपण 'हो हो, तेच' म्हणावं अशा आशेने. ते गप्प राहणं मला पाठ होतं. दलालाच्या पहिल्या प्रश्नानंतर बाबा असेच गप्प व्हायचे. बाबा मात्र नंतर बोलायचे.

दोन उसनी आडनावं समोरासमोर बसली होती आणि दोघांनाही आपलं कुलदैवत माहीत नव्हतं. आणि ही भेट ठरली होती ती मूळ गाव विचारून.

मी कुठलंही एक नाव ठोकून देऊ शकले असते. पुण्याच्या आसपास प्रत्येक टेकडीवर एक देऊळ आहे, त्यातलं एखादं खपलं असतं. त्यांची सुटका झाली असती, ऑर्डर मिळाली असती आणि मी जन्मभर गुलाबी गोलात राहिले असते. ते माझ्याच्याने झालं नाही.

"काकू, ते आडनाव माझं नाही," मी म्हणाले. "कंपनीने मेलपुरतं घेतलेलं आहे. कोथरूडात ते जास्त चालतं म्हणून." मग माझं नाव सांगितलं, आडनावासकट. "आम्ही बौद्ध. आम्हाला कुलदैवत नसतं."

"अगंबाई, हो का?" काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक फाटे उघडत-मिटत गेले आणि शेवटी त्या हसऱ्या चेहऱ्यावर येऊन थांबल्या. "आमच्याकडे नाही हं असलं काही मानत. माझ्या वर्गात कितीतरी मुली होत्या तुमच्यातल्या. काय एकेक हुशार!" मग त्यांना खरा मुद्दा सापडला. "पण म्हणजे ही तुमच्या कंपनीने आमची चक्क फसवणूक केली की! आम्ही काय आडनाव बघून ॲप घेतो? समजता काय तुम्ही लोक कोथरूडला?"

मला हसू आवरेना. उरलेला वेळ काकूंनी माझ्या कंपनीची हजेरी घेतली आणि ती घेण्यासारखीच होती. त्यांनी माझ्या मॅनेजरचा नंबरही लिहून घेतला, त्याचं मला अतोनात समाधान वाटलं. या गदारोळात सेक्रेटरींचं कुलदैवत त्या साफ विसरल्या. सेक्रेटरींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ॲप बरं आहे. कमिटीपुढे ठेवतो."

म्हणजे नको. मी लॅपटॉप बंद केला.

ते मला स्कूटरपर्यंत सोडायला आले. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी तरीही एकदा मागे वळून बघितलं.

"कोन्या गावच्या वं तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

मी गाव सांगितलं.

"आमचं तिथून जवळच." ते थोडा वेळ माझ्या हेल्मेटकडे बघत राहिले. "छप्पन साली माझे वडीलही नागपुरातच होते."

तेवढ्यात एक शेजारी गाडी काढायला आले आणि सेक्रेटरींची भाषा एका श्वासात कोथरूडची झाली. "ॲपचं माझ्यावर सोडा, ते मी पास करून घेतो." शेजारी गाडीत बसल्यावर आवाज खाली आणून ते म्हणाले, "मुलीचं लग्न होऊ दे, मग सगळ्यांना सगळं सांगणारच आहे मी." हे वाक्य मी कमिटीपुढे ठेवण्याच्या चालीवरच ऐकलं. शेजारी निघून गेल्यावर ते म्हणाले, "एक विनंती होती. मला मेल मात्र त्याच नावाने येऊ द्या."

"ते खोटं आहे, काका. आता तर तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण या आडनावाचं मला दुसरं कोणी लिहीत नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. बाबांनी जे केलं नाही ते यांनी केलं आणि मुलगी कोथरूडात वाढवली. आम्ही वारज्याच्या शेतात. राग आलाही, पण तो स्कूटर सुरू होईपर्यंत टिकला नाही. इतकी वर्षं रोज सकाळी उठून कडक इस्त्री करणं काही सोपं नसणार.

ऑर्डर आली, माझ्या खऱ्या नावाने. काकूंनी मॅनेजरला फोन करून काय ऐकवलं ते त्याने मला कधीच सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सी, डेटा चेंज झालाय. तो पिनकोडवाला फाटा काढून टाक." जातीविरुद्धची ही लढाई त्याने एका वाक्यात जिंकली आणि कॉफी आणायला गेला. फाटा मी काढून टाकला. आता सगळ्या कोथरूडला मेल माझ्या नावाने जातात. उत्तरं थोडी कमी येतात, मग मी मराठी आणखी चांगली लिहिते. वर्षअखेरीला लीडची पाटीही मिळाली. आईने तिचा फोटो भंडाऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना धाडला, ज्यांच्याशी ती बोलत नाही त्यांनासुद्धा.

एक अपवाद तेवढा ठेवला आहे. जर ग्राहक हे सेक्रेटरी असतील, तर पाठवणारी ती बाई. गणपतीला, दसऱ्याला, दिवाळीला तिच्या नावाने त्यांना शुभेच्छा जातात आणि त्यांचं उत्तर तासाभरात येतं. 'आपल्या घरच्या सर्वांना आमचा नमस्कार.' मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्या बाईच्या नावाने आली, सहकुटुंब यावे म्हणून. वर ठळक अक्षरांत एका कुलदैवताचं नाव छापलं होतं. कुठलं तरी मिळालं म्हणायचं. मी गेले नाही. कोणत्या नावाने अहेर देणार?

लग्न होऊन गेलं. यंदा बुद्धपौर्णिमेला मी यंत्रातला तयार मजकूर बाजूला ठेवून त्यांना हाताने एक ओळ लिहिली. 'बुद्धपौर्णिमेच्या मंगल शुभेच्छा.' खाली माझं नाव, माझं आडनाव.

यंत्र सगळं दाखवतं. मेल सकाळीच उघडला गेला होता. दुपारी पुन्हा उघडला. संध्याकाळी पुन्हा, आणि मग दुसऱ्या दिवशीही. उत्तर आलं नाही. उघडून गप्प बसणाऱ्याला आठवणीचा मेल जातो, तो नियम माझाच आहे. त्यांना जाणारा आठवणीचा मेल रांगेत लागलेला दिसला, तेव्हा तो मी स्वतःच्या हाताने काढून टाकला.